मुदत टळल्यावर

‘मुदत’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपल्या व्यवहारात असा मुरला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. सावकाराच्या कर्जाला मुदत असते, भाडेपट्ट्याला असते, हुंडीलाही असते. ह्या सर्व मुदती पैशाच्या. परंतु आज ज्या मुदतीविषयी मला बोलावयाचे आहे, ती माणसाच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे. फौजदारी न्यायालयाने आरोपीस शिक्षा सांगितली, म्हणजे निकालाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून एक अदृश्य घड्याळ चालू होते. फाशीची शिक्षा असेल तर 30 दिवस, उच्च न्यायालयात जावयाचे असेल तर 60 दिवस, अन्य न्यायालयात जावयाचे असेल तर 30 दिवस. तेवढ्या काळात अपील दाखल झाले पाहिजे. प्रतिपक्षाने तक्रार केली नाही तरी मुदतीबाहेरचे अपील न्यायालयाने फेटाळलेच पाहिजे, असे मुदतीचा कायदा सांगतो. मात्र त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने एक खिडकी उघडी ठेवली आहे. विलंबास पुरेसे कारण होते अशी न्यायालयाची खात्री पटली, तर न्यायालय तो विलंब माफ करू शकते. ह्या खिडकीशी जो अर्ज येतो, त्यास कोर्टाच्या भाषेत विलंबमाफीचा अर्ज म्हणतात.

वरवर पाहता हा विषय रुक्ष वाटेल. परंतु ह्या अर्जाचा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे. दिवस मोजावयाचे कोणी? ज्याच्या हातात पंचांग आहे त्याने, की ज्याच्याभोवती तुरुंगाची भिंत आहे त्याने?

आपल्या जुन्या न्यायपद्धतीत कालाचे भान नव्हते असे मुळीच नाही. दुसरा आपल्या जमिनीचा उपभोग घेत असता मालकाने डोळ्यांदेखत वीस वर्षे मौन पाळले, तर त्याच्या हक्कास बाध येतो आणि जंगम वस्तूंच्या बाबतीत ही मर्यादा दहा वर्षांची असते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. परंतु हा नियम मालमत्तेचा झाला. निकाल चुकीचा लागला म्हणून पुन्हा दाद मागावयाची असेल, तर तेथे दिवसांची गणना नव्हती, दंडाची होती. न्यायाने हरूनही जो आपण हरलोच नाही असे म्हणतो आणि पुन्हा हरतो, त्यास दुप्पट दंड करावा, असा त्याच स्मृतीचा दंडक आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे तंटा संपला की हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत. आपण खोटे ठरलो, हे त्याने स्वतःच्या हातचे लिहून द्यावयाचे. जिंकणाऱ्याने हरकी द्यावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची. वाद संपला, हे अशा रीतीने कागदाने ठरे, दिवसांनी नव्हे. तरीही वतनाचे तंटे राज्यकर्ता बदलताच पुन्हा डोके वर काढीत आणि एका पिढीचा वाद तिसऱ्या पिढीच्या पदरी पडे.

हे मी लिहीत आहे ते येलहंक्याहून, आणि राज्यकर्ते बदलणे म्हणजे काय हे ह्या गावाला चांगले ठाऊक आहे. बेंगळूरुच्या उत्तरेस असलेले हे ठाणे खुद्द बेंगळूरुहून जुने. 1537 साली बेंगळूरु वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्याच घराण्यातले. 1638 साली विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे येथे आले आणि हा प्रांत त्यांच्या जहागिरीत गेला. 1687 मध्ये मोगलांनी बेंगळूरु घेतले आणि लगोलग ते म्हैसूरच्या वडेयरांच्या हाती पडले. पुढे 1831 मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्याकडे घेतला व 1834 मध्ये ‘हुजूर अदालत’ नावाचे वरिष्ठ न्यायालय स्थापिले. त्या काळात म्हैसूरच्या कचेऱ्यांत कन्नडबरोबर मराठीतूनही दप्तर लिहिले जाई, ही गोष्ट आज अनेकांना नवलाची वाटते. हुजुराकडे अर्ज करणे ही रयतेची त्याहूनही जुनी वहिवाट. अशा अर्जास मुदत नसे. परंतु ती नसण्याचे कारण औदार्य नव्हते. तेथे हक्कच नव्हता, मग हक्काला मुदत कोठून असणार? धन्याची मर्जी झाली तर दहा वर्षांनीही दाद लागे, आणि न झाली तर दुसऱ्या दिवशीही लागत नसे.

हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. मुदत हे हक्काचे दुसरे अंग आहे. राज्याने प्रजेला अपिलाचा हक्क दिला, तेव्हाच त्या हक्काला दिवसांचे कुंपण घालण्याची गरज पडली. वादाला केव्हा तरी अंत असावा, हे राज्याच्या हिताचे आहे, असे रोमन कायदेपंडित म्हणत, आणि ते खोटे नाही. साक्षीदार मरतात, कागद कसर खाते, ज्यावर आरोप झाला त्यालाही आपण मोकळे झालो असे कधी तरी वाटले पाहिजे. 1859 मध्ये मुदतीचा कायदा प्रथम सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. 1871 मध्ये तो सुधारला, तेव्हा अपिलेही त्याच्या कक्षेत आली, आणि पुरेसे कारण दाखविल्यास मुदतीनंतरही अपील घेता येईल ही सवलत त्यात घातली गेली. 1877 आणि 1908 च्या कायद्यांनी तीच परंपरा पुढे चालविली.

अर्थात हक्क तरी सर्वांना कोठे होता? उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ज्युरीपुढे चाललेल्या फौजदारी खटल्यावर 1943 पर्यंत नियमित अपीलच नव्हते. 22 जुलै 1908 रोजी मुंबईस लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर त्यांच्यापुढे मार्ग उरला तो प्रिव्ही कौन्सिलची खास परवानगी मागण्याचा. ती मिळाली नाही. ज्यांच्यामागे सारा महाराष्ट्र उभा होता त्यांची ही कथा, मग सामान्य कैद्याची काय असेल?

ह्या 1908 सालच्याच कायद्याचे परिशिष्ट उघडून पाहावे. सेशन्स न्यायालयाने फाशी सांगितली तर अपिलास मुदत सात दिवस. इतर शिक्षांस तीस किंवा साठ दिवस. आणि आरोपी निर्दोष सुटला, व त्याविरुद्ध सरकारला अपील करावयाचे असले, तर मुदत सहा महिने! फाशीच्या प्रत्येक शिक्षेस उच्च न्यायालयाची मंजुरी लागतेच, म्हणून सात दिवस पुरेसे मानले गेले असतील, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्याचा गळा फासात आहे त्याला एक आठवडा आणि ज्याच्यापाशी वकील, कारकून, टपाल आणि तिजोरी आहे त्या सरकारला अर्धे वर्ष, ही विषमता डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. स्वतंत्र भारताच्या 1963 च्या कायद्याने ती बरीच कमी केली. फाशीची मुदत 30 दिवस झाली आणि सुटकेविरुद्धच्या अपिलाची 90 दिवस. हा कायदा 1 जानेवारी 1964 पासून अमलात आला व आजही तोच चालू आहे.

कायद्याने ‘पुरेसे कारण’ असे दोनच शब्द लिहिले. त्यांत अर्थ भरण्याचे काम न्यायाधीशांवर पडले. मद्रास उच्च न्यायालयाच्या, 1890 च्या निर्णयसंग्रहात आलेल्या एका निकालाने त्याचा पाया घातला. पक्षकाराने हयगय केली नसेल, तो स्वस्थ बसला नसेल आणि त्याचा हेतू शुद्ध असेल, तर ह्या शब्दांचा अर्थ उदारपणे करावा, असे त्यात सांगितले होते. त्याच न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात आणखी एक मोलाची गोष्ट मान्य केली होती. कैद्याने आपला अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिला, की तो न्यायालयात दिल्यासारखाच समजावा. तेथून पुढे टपालास लागलेले दिवस कैद्याच्या खाती मांडू नयेत. न्यायालयाचा उंबरठा अशा रीतीने तुरुंगाच्या दारापर्यंत आणून ठेवला गेला.

ह्यापुढचे महत्त्वाचे पाऊल एका मराठी न्यायाधीशाने टाकले. ज्यांच्या आडनावात आजच्या कर्नाटकातले गजेंद्रगड आहे आणि ज्यांचा जन्म साताऱ्याचा, ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर 1961 साली सर्वोच्च न्यायालयात होते. त्यांच्यासमोर आलेले प्रकरण रेवा येथील कोळसा कंपनीचे, म्हणजे दिवाणी होते. विलंब होता अवघ्या एका दिवसाचा. 16 फेब्रुवारी 1955 ह्या अखेरच्या दिवशी पक्षकार आजारी पडला आणि अपील दुसऱ्या दिवशी दाखल झाले. खालच्या न्यायालयाने विचारले, की आधीच्या सगळ्या दिवसांत तू काय करीत होतास? न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी हा प्रश्नच अप्रस्तुत ठरविला. मुदत कायद्याने दिली आहे, तेव्हा तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा अधिकार पक्षकारास आहे. त्याने हिशेब द्यावयाचा तो मुदत संपल्यानंतरच्या विलंबाचा. हे तत्त्व दिवाणी दाव्यात सांगितले गेले तरी फौजदारी अपिलांसही तेच लागू पडते, आणि वकील मंडळी आजही त्या निर्णयाचा आधार घेतात.

खाजगी फिर्यादीत आरोपी सुटला, तर फिर्यादीस अपिलाची खास परवानगी मागावी लागते. त्यासाठी जुन्या फौजदारी संहितेने 60 दिवस दिले होते. तेथे विलंबमाफीस जागा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली जुन्या कायद्याखाली ठरविले. नव्या मुदतीच्या कायद्याची भाषा वेगळी असल्यामुळे 1975 साली त्याच न्यायालयाने तेथेही ती खिडकी उघडली. म्हणजे दयेचा हा नियम फौजदारी कायद्यातसुद्धा एकदम आला नाही, पायरीपायरीने आला.

परंतु श्रोतेहो, ह्या इतिहासातला खरा टप्पा पुण्याच्या येरवडा तुरुंगाशी जोडलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1973 च्या नोव्हेंबरात एका अपिलाचा निकाल देऊन आरोपीची शिक्षा वाढविली व तीन वर्षांची कैद सांगितली. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. उच्च न्यायालयाने निकालाची विनामूल्य प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे तत्काळ धाडली होती. कैद्याचे म्हणणे असे, की ती आपल्या हाती कधी पडलीच नाही. दप्तर पाहिले तर प्रत मिळाल्याबद्दल त्याची सही कोठेच नव्हती. आणि हा कैदी निरक्षर नव्हता, विद्यापीठात शिकविणारा अध्यापक होता. त्याची ही स्थिती, तर अंगठा उठविणाऱ्याची काय होत असेल?

17 ऑगस्ट 1978 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्या ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्याचा निकाल दिला. आरोपीचा अर्ज फेटाळला गेला, कारण त्याच्या अपराधाविषयी न्यायालयास संशय नव्हता. पण तेवढ्यावर ते थांबले नाही. कैदेची शिक्षा सांगताच निकालाची प्रत विनामूल्य द्यावी. ती तुरुंगाकडे पाठविली असेल तर तुरुंगाधिकाऱ्याने ती विनाविलंब कैद्याच्या हाती देऊन त्याची लेखी पोच घ्यावी. त्यास अपील करावयाचे असेल तर तुरुंगाने सर्व सोयी पुरवाव्यात. वकील देण्याची त्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने वकील नेमावा आणि त्याचा मोबदला राज्याने द्यावा. हे उपकार नव्हेत, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचेच हे भाग आहेत, असे न्यायालयाने सांगितले. तोपर्यंत प्रश्न असा विचारला जाई, की कैद्याने उशीर का केला? ह्या निकालाने तो उलटा केला. कैद्याला वेळेवर कागद दिला होता काय, हे आधी राज्याने सांगावे.

कागदाइतकाच अंतराचाही विचार केला पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हिंडलग्याच्या तुरुंगातील मराठी कैद्याचे अपील, जे मुंबईस जावयाचे, ते सुमारे 500 किलोमीटरांवरील बेंगळूरुस जाऊ लागले. न्यायालय बदलले, भाषा बदलली, ओळखीचा वकील राहिला मागे. गरीब घरातील बापाने किंवा भावाने एवढ्या लांब येऊन वकील गाठावयाचा, त्याची फी जमवावयाची, आणि हे सर्व साठ दिवसांत! 2008 साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले व 2013 मध्ये ते कायम झाले, तेव्हा ही वाट बरीच आखूड झाली. इकडे महाराष्ट्रातही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले. अशा सोयींकडे आपण प्रतिष्ठेच्या दृष्टीने पाहतो. माझ्या मते त्यांची खरी किंमत मुदतीच्या दिवसांत मोजावयास हवी.

आता दुसरी बाजू. विलंबमाफीचा अर्ज घेऊन येणारा नेहमी दुबळाच असतो असे नाही. पुष्कळ वेळा तो अर्ज सरकारचा असतो. मी स्वतः सरकारी नोकर असल्याने कागद कसा प्रवास करतो हे मला ठाऊक आहे. निकालाची प्रत येते, आवक बारनिशीत तिची नोंद होते, सरकारी वकिलाचे मत मागविले जाते, त्यावर टिपणी चढते, फाइल विधी खात्यात जाते, तेथून एखादी शंका घेऊन परत येते, आणि मंजुरी मिळेपर्यंत नव्वद दिवस उलटून गेलेले असतात. ह्या अडचणी खोट्या नाहीत. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या चार दिवसांच्या विलंबाच्या प्रकरणात सांगितले, की न्यायालयांनी अशा बाबतीत उदार दृष्टी ठेवावी व सरकारासही सावत्रपणाने वागवू नये. बेंगळूरु विद्यापीठासाठी घेतलेल्या जमिनीच्या खटल्यात सरकारचे अपील मुदतीबाहेर गेले होते, आणि त्याच्या मुळाशी सरकारच्याच वकिलांची वागणूक होती. तेथे 1988 साली न्यायमूर्ती वेंकटचलय्या ह्यांनी, सरकार अनेक हातांनी काम करते, म्हणून त्यास थोडी मोकळीक द्यावी लागते, असे मान्य केले.

परंतु मोकळीक दिली की तिची सवय लागते. 2012 साली टपालखात्याच्या एका प्रकरणात 427 दिवसांचा विलंब माफ करण्यास न्यायालयाने नकार दिला. विलंबमाफी हा अपवाद आहे, खात्यांनी आधीपासून गृहीत धरावयाचा लाभ नव्हे, असे त्याने बजावले. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या 663 दिवसांच्या विलंबाबद्दल 25,000 रुपयांचा दंड करून तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. ही प्रकरणे फौजदारी नव्हती. पण त्यांतला धडा फौजदारी अपिलास अधिकच लागू आहे.

तो कसा, ते सांगतो. कैद्याच्या अपिलास उशीर झाला, तर त्याचा भुर्दंड प्रथम त्यालाच पडतो. तो तुरुंगातच बसलेला असतो, आणि उशिराचा प्रत्येक दिवस त्याच्याच आयुष्यातून वजा होतो. मुद्दाम उशीर करण्यात त्याचा काही लाभ नसतो. उलट सुटकेविरुद्ध सरकारने उशिरा अपील केले, तर त्याचा भुर्दंड सरकारला पडत नाही. तो पडतो, ज्यास एका न्यायालयाने निर्दोष म्हणून घरी धाडले त्या माणसाला. त्याने पुन्हा नोकरी धरली असेल, मुलीचे लग्न ठरविले असेल, आणि दोन वर्षांनी दारात पुन्हा समन्स यावे! म्हणून ‘पुरेसे कारण’ हे शब्द दोघांसाठी एकच असले, तरी ते तोलताना कोणाच्या उशिराची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. फिर्यादीलाही न्याय हवा असतो, आणि एखादा खुनी केवळ फाइल अडकल्यामुळे सुटावा हेही समाजाला परवडणारे नाही. पण त्यावर उपाय फाइल वेळेवर हलविणे हा आहे. तिच्या आळसाचे ओझे निर्दोष ठरलेल्याच्या डोक्यावर ठेवणे हा नव्हे.

काळाची ही सक्ती किती मानवनिर्मित आहे, ह्याचा प्रत्यय सर्व देशाला नुकताच आला. कोरोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सारा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. घराबाहेर पडता येत नसताना दिवस मोजणे अन्यायाचे होईल, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आपण सर्वच त्या वेळी भिंतीआड होतो. परंतु जो माणूस बाराही महिने भिंतीआड आहे, त्याच्या बाबतीत तेच समजावयास आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत अपील करण्याची आणि निकालाची प्रत विनामूल्य मिळण्याची तरतूद तिच्यातही आहे. कायदा आपल्या परीने पुरेसा आहे. उरते ते आमचे, म्हणजे अंमल करणाऱ्यांचे काम. ते फार मोठे नाही. निकालाची प्रत कैद्याच्या हाती द्यावयाची, त्यातला मजकूर त्याला कळेल अशा भाषेत सांगावयाचा, शेवटची तारीख कोणती ते उच्चारावयाचे, आणि पोच म्हणून त्याची सही अथवा अंगठा घ्यावयाचा. एवढे झाले, तर मुदत ही सर्वांना सारखीच न्याय्य ठरेल आणि विलंबमाफीच्या अर्जाची गरज क्वचितच पडेल. ते झाले नाही, तर दिवस कितीही काटेकोर मोजले, तरी तो हिशेब चुकीच्याच माणसाच्या नावे पडत राहील.